आयसीयूतल्या पेशंटची ताकद मोजायची कशी? नवीन फिजिओ, रेसिडेंट आणि सिस्टर लोकांसाठी

आयसीयूत नवीन लागलात की पहिल्या काही दिवसांतच अशी एक फाईल हातात येते. वीस दिवस ॲडमिट असलेला पेशंट, सेप्सिसमधून (अंगभर परिणाम करणाऱ्या जंतुसंसर्गातून) वाचलेला, छाती साफ झालीय, किडनी सुधारली, बीपीचं इन्फ्युजन बंद झालं, पण व्हेंट, म्हणजे व्हेंटिलेटर, काही सुटत नाही आणि तोंडावर बसलेली माशी हाकलायला हात उचलत नाही. आणि नोट्समध्ये रोज एकच ओळ, 'जनरलाइज्ड वीकनेस आहे, फिजिओ चालू'. दहा दिवस तेच. आता यावरून मला सांगा, पेशंट सुधारतोय का घसरतोय का आहे तिथेच आहे? कुणालाच सांगता येत नाही, आणि नातेवाईक तर रोज तेच विचारत असतात.

मी फिजिओ आहे, बरीच वर्षं आयसीयूतच काम करते, आणि नवीन मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते की 'वीकनेस' हा शब्द लिहायचा नाही, आकडा लिहायचा, आणि तो आकडा असा घ्यायचा की उद्या दुसऱ्या कुणी मोजला तरी तोच यावा. बाकी सगळं लिखाण त्यासाठीच आहे.

आधी थोडं ही आयसीयूतली कमजोरी नेमकी काय असते ते. १९८४ मध्ये कॅनडातल्या लंडन, ओंटारिओ इथले न्यूरॉलॉजिस्ट चार्ल्स बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच पेशंटचं वर्णन केलं, गंभीर आजारातून आणि सेप्सिसमधून बाहेर येताना त्यांचे हातपाय लुळे पडले होते आणि व्हेंट सुटत नव्हतं. त्यांनी नसा तपासल्या तर नसाच खराब झालेल्या. नंतर कळलं की काहींच्यात नसा, काहींच्यात थेट स्नायू, आणि बऱ्याच जणांत दोन्ही बिघडतं. वर अंथरुणात पडून राहिल्यानं जे झडतं ते वेगळंच. २०१३ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा आडवा छेद सोनोग्राफीवर मोजला होता, तर पहिल्या दहाच दिवसांत तो जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी झालेला. दहा दिवसांत! म्हणजे आपण पेशंट 'स्टेबल' झाल्यावर ताकदीचा विचार सुरू करतो तोपर्यंत बरंच काही निघून गेलेलं असतं. मोठ्या आढाव्यांमध्ये अशी कमजोरी साधारण ४० टक्के पेशंटमध्ये सापडते, अर्थात कुठल्या पेशंटना मोजलं आणि कधी मोजलं त्यावर हे बरंच बदलतं.

हिचं रूप ओळखीचं आहे. दोन्ही बाजूंना सारखी, खांदा आणि कंबरेकडे जास्त, हातपाय सैल, रिफ्लेक्स मंद किंवा गायब, आणि चेहरा बहुतेक वाचलेला. नखावर दाब दिला की पेशंट तोंड वाकडं करतो, दुखलंय हे चेहऱ्यावर दिसतं, पण पाय मात्र ओढून घेत नाही. हे दृश्य एकदा नीट बघून ठेवा, पुढे कायम उपयोगी पडतं.

पायरी १: पेशंट खरंच जागा आहे का

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून इथे जरा थांबते. ताकद मोजायची म्हणजे पेशंटनं तुमचं ऐकून, समजून, जोर लावायला हवा. डोळे उघडे आहेत म्हणजे जागा आहे असं नाही. पाच साध्या सूचना द्यायच्या. डोळे मिटा आणि उघडा. माझ्याकडे बघा. तोंड उघडून जीभ बाहेर काढा. मान हलवून हो म्हणा. मी पाचपर्यंत मोजते, पाच म्हटलं की भुवया वर करा. बघा, यातल्या एकाही सूचनेला हातपाय लागत नाहीत, मुद्दामच तशा निवडल्यात, म्हणजे हात लुळे असले तरी समज आहे का ते कळतं. २००२ च्या फ्रेंच अभ्यासात, ज्यानं ही पद्धत रूढ केली, पाचपैकी निदान तीन सूचना सहा तासांच्या अंतरानं दोनदा जमल्या की पेशंट जागा धरायचे. आम्ही युनिटमध्ये पाचपैकी पाच जमल्याशिवाय स्कोअर लिहित नाही. तुमच्या युनिटचा जो नियम असेल तो पाळा, पण नियम असू द्या.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका काकांचा मी सकाळी स्कोअर लिहिला ३०. रात्रभर मिडाझोलाम हे गुंगीचं औषध चालू होतं, सकाळीच बंद केलेलं, काका डोळे उघडून बघत होते, 'हात उचला' म्हटलं की थोडा उचलून सोडून द्यायचे. मला वाटलं ताकद नाही. राउंडला तो आकडा वाचला गेला, घरच्यांना सांगितलं गेलं की फार कमजोरी आहे, ट्रॅकीचा, म्हणजे गळ्यातून श्वासनळीत ट्यूब टाकायचा, विषय निघाला, मुलगी बाहेर रडत बसलेली. दुसऱ्या दिवशी औषध पूर्ण उतरल्यावर परत मोजलं तर ४६. एका दिवसात कुणाची ताकद १६ नं वाढत नाही. ते काका कमजोर कमी आणि गुंगीत जास्त होते, आणि ते बघणं माझं काम होतं. तेव्हापासून स्कोअरच्या शेजारी सेडेशन (गुंगीचं औषध) कधी बंद झालं ती वेळ आणि रासचा, म्हणजे पेशंट किती गुंगीत आहे त्या पट्टीचा, आकडा लिहिल्याशिवाय मी पेन खाली ठेवत नाही.

आणखी एक, आपल्याकडे हे फार होतं. पेशंटचा चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी पाठवलेलं असतं, हरवू नये म्हणून. मग आजींना ऐकूच येत नाही आणि आपण लिहितो 'कमांड फॉलो करत नाही'. नातेवाईकांना सांगून ते आधी मागवा. आणि भाषा! 'एल्बो फ्लेक्स करा' तर सोडाच, 'कोपर वाकवा' हेसुद्धा खूप जणांना पटकन लागत नाही. घास तोंडाकडे नेतो तसा हात आणा म्हटलं की लगेच कळतं.

पायरी २: दुसरं काही नाही ना

आयसीयूतली प्रत्येक कमजोरी ही आयसीयूमुळेच आलेली नसते. एकच बाजू गेलीय का, तर स्ट्रोक. कमरेखाली पाय गेलेत आणि संवेदना एका रेषेखाली बंद आहे, तर मणका. पापण्या पडतायत, डोळे फिरत नाहीत, गिळता येत नाही, तर वेगळा विचार करा. कोकणात किंवा कुठल्याही खेड्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावलेली असू शकते, खूण दिसतही नाही आणि सकाळी पापण्या पडलेल्या असतात. शेतीचं कीटकनाशक पोटात गेलेला पेशंट सुरुवातीला बरा वाटतो आणि एक ते चार दिवसांत त्याची मान उचलेनाशी होते, मग श्वास. म्हणून अशा पेशंटला रोज विचारा, उशीवरून डोकं उचला बरं. सोपी टेस्ट आहे, फुकट आहे आणि जीव वाचवते.

आणि गियाँ-बारे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते तो आजार, तर पुणेकरांना आता सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात एकदम पेशंट वाढले, पाण्यावर संशय आला, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तेव्हा ॲडमिट होताना कमजोरी होती का ॲडमिट झाल्यावर आली, हा एक प्रश्न किती मोलाचा आहे ते सगळ्यांना कळलं. गियाँ-बारेत कमजोरी आधी येते आणि पेशंट त्यासाठीच आयसीयूत येतो. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात आजार आधी, कमजोरी मागून.

पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम त्या दिवसाचं बघून घ्या, आणि मसल रिलॅक्संट शेवटचं कधी दिलं तेही, विशेषतः किडनी बिघडलेली असेल तर.

पायरी ३: पोझिशन

बेडचं डोकं ४५ अंशांपर्यंत वर, पेशंट सरळ, खाली घसरलेला नको. ट्यूब, सेंट्रल लाइन, आर्टेरियल लाइन, कॅथेटर, ड्रेन, सगळं हातानं चाचपून बघा की हात उचलला तर काय ओढलं जाईल. सिस्टरला सांगूनच सुरू करा. सक्शन करून घ्या, दुखत असेल तर पेनकिलरचा असर असताना मोजा, नाहीतर तुम्ही ताकद नाही, दुखणं मोजताय. डायलिसिस होऊन दमलेल्या पेशंटला त्या दुपारी त्रास देऊ नका. मोजताना सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं, श्वास ३० च्या वर गेला, पेशंट घामाघूम झाला तर थांबायचं, राहिलेलं संध्याकाळी.

पायरी ४: एमआरसी सम स्कोअर

हाच आपला मुख्य आकडा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं दुसऱ्या महायुद्धात नसांना झालेल्या जखमा तपासायला ० ते ५ अशी श्रेणी काढली, आणि पुढे १९९१ मध्ये गियाँ-बारेच्या पेशंटसाठी तिची बेरीज करायची पद्धत आली, तीच आपण वापरतो. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, तुमचे दोन हात आणि दहा-पंधरा मिनिटं.

सहा हालचाली, दोन्ही बाजू, म्हणजे बारा जागा. खांदा बाजूला उचलणं, कोपर वाकवणं, मनगट वर करणं, मांडी पोटाकडे घेणं, गुडघा सरळ करणं, पाऊल वर ओढणं. प्रत्येकाला ० ते ५, एकूण ६०.

० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे सांधा हलत नाही पण स्नायू आकसल्याचं बोटांना जाणवतं किंवा डोळ्यांना दिसतं. २ म्हणजे वजन आपण पेललं, ग्रॅव्हिटी काढून टाकली, तर हालतो. ३ म्हणजे ग्रॅव्हिटीविरुद्ध पूर्ण हालचाल, पण वरून दाब दिला की पडतो. ४ म्हणजे दाब सहन करतो पण पूर्ण नाही. ५ म्हणजे नॉर्मल.

माझी युक्ती अशी की सुरुवात कायम ३ पासून करा. म्हणजे आधी ग्रॅव्हिटीविरुद्ध उचलायला सांगा. जमलं तर वरच्या दिशेला जा, दाब द्या. नाही जमलं तर खाली या, हात बेडवर आडवा ठेवून घसरवायला सांगा. तेही नाही तर स्नायूवर बोटं ठेवून बघा. यानं पेशंट दमत नाही, कारण प्रत्येक जागी दोन-तीनच प्रयत्न लागतात. उगाच ० पासून चढत गेलात तर सहाव्या हालचालीपर्यंत तो गळून गेलेला असतो आणि पायांचा स्कोअर खोटा कमी येतो.

शब्द काय वापरायचे तेही ठरवून टाका. खांद्याला मी म्हणते, पक्षी पंख पसरतो तसा हात बाजूनं वर. कोपराला घास. मनगटाला, रस्त्यात कुणाला थांब म्हणताना करतो तसा पंजा वर, किंवा गाडीवाल्या दादांना ॲक्सिलरेटर पिळतो तसं. मांडीला, गुडघा पोटाशी आणा. गुडघ्याखाली ब्लँकेटची गुंडाळी ठेवायची आणि म्हणायचं, लाथ मारा जोरात. पावलाला, अंगठा नाकाकडे ओढा. आणि एकदा आपण त्यांचा हात धरून हालचाल करून दाखवायची, मग त्यांच्याकडून करून घ्यायची. नुसतं तोंडी सांगून स्कोअर देऊ नका.

दाब कुठे द्यायचा तेही दर वेळी एकच. खांद्याला कोपराच्या जरा वर, कोपराला मनगटाच्या जरा वर, गुडघ्याला घोट्याच्या वर. हात जितका लांब धराल तितकी तुमची तरफ मोठी आणि पेशंट तितका कमजोर दिसणार. मी घोट्यावर दाबलं आणि तुम्ही नडगीच्या मध्यावर दाबलं तर आपले दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, आणि पेशंट सुधारला असं आपण सगळे खुशीत म्हणत बसू. पाय सुजून जड झालेले असतील तर मांडीचा स्कोअर सुजेमुळेही कमी येतो, तो तसाच द्या पण शेजारी सूज लिहा.

एखाद्या हाताला फ्रॅक्चर आहे, प्लास्टर आहे, तर तिथे ० द्यायचा नाही. दुसऱ्या बाजूच्या त्याच हालचालीचा आकडा तिथे धरायचा आणि तसं लिहायचं.

आता हिशोब बघू. आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोनं आलेले एक शेतकरी काका होते, चौदा दिवस व्हेंटवर. खांदे ३ आणि ३, कोपर ४-४, मनगट ४-४, मांड्या २-२, गुडघे ३-३, पावलं उजवं ४ डावं ३. बेरीज ३९. ४८ च्या खाली म्हणजे आयसीयूतली कमजोरी धरायची, ३६ च्या खाली तीव्र. हे ४८ कुठून आलं तर सरळ आहे, बारा जागी सरासरी ४. एकदाच ३९ आला म्हणून शिक्का मारायचा नाही, चोवीस तासांपेक्षा जास्त अंतरानं परत मोजून तोही ४८ च्या खाली आला तरच निदान पक्कं.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगते. ३ आणि ४ मधली रेष स्वच्छ आहे, ४ आणि ५ मधली नाही. ४ हा फार मोठा डबा आहे, त्यात नुकताच सावरलेलाही बसतो आणि जवळजवळ बराही बसतो. म्हणून पेशंट ४८ च्या वर गेला की पुढची प्रगती एमआरसीवर नीट दिसत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ५: हाताची ग्रिप

डायनामोमीटर म्हणजे मुठीचा जोर मोजायचं यंत्र, बहुतेक ठिकाणी जमार ब्रँडचं असतं. जमलं तर बसवून, नाहीतर बेडचं डोकं वर करून, दंड अंगालगत, कोपर ९० अंश, मनगट सरळ. हँडल दुसऱ्या खाचेत. यंत्र जड असतं, कमजोर पेशंटला ते पेलणंच जमत नाही, म्हणून खालून तुम्ही आधार द्या, फक्त आधार, ओढायचं नाही. तीन वेळा दाबायला सांगा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि दर वेळी तेवढ्याच आवाजात 'दाबा, दाबा, अजून दाबा' म्हणा. सगळ्यात जास्त आलेला आकडा लिहा, कुठला हात ते लिहा.

२००८ च्या अमेरिकी अभ्यासात पुरुषांसाठी ११ किलो आणि बायकांसाठी ७ किलोच्या खाली ग्रिप असेल तर कमजोरी, अशी हद्द निघाली. आपल्या लोकांची ग्रिप मुळातच पाश्चात्त्यांपेक्षा कमी भरते, त्यामुळे या हद्दीच्या काठावरच्या आकड्याला लगेच बिघाड म्हणू नका, एमआरसीबरोबर मिळवून बघा. आणि डायलवर दोन पट्ट्या असतात, किलो आणि पौंड. घाईत पौंड वाचला जातो आणि ११ किलोच्या जागी २४ लिहिलं जातं. मी हे एकदा नाही, बऱ्याचदा दुरुस्त केलंय. एकक लिहा, कायम.

पायरी ६: श्वासाचे स्नायू

हातपाय कमजोर तिथे डायफ्राम, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, तोही बहुतेक कमजोर, पण दोन्ही बरोबरीनं जातातच असं नाही, म्हणून वेगळं मोजायचं. व्हेंटवर एमआयपी किंवा एनआयएफ (श्वास आत ओढायचा जास्तीत जास्त जोर) नावानं हा पर्याय असतो. पूर्ण श्वास सोडल्यावर वाट बंद करून पेशंटला जोरात आत ओढायला लावायचं. नीट सहकार्य नसेल तर बाहेर जाऊ देणारा पण आत न घेणारा एकदिशा व्हॉल्व्ह लावून २० ते २५ सेकंद ठेवतात, म्हणजे मेंदूच जोर लावायला भाग पाडतो. पेशंटला हे गुदमरल्यासारखं होतं, आधी सांगा, हात धरा, मॉनिटरवर डोळा ठेवा, आणि हे एकट्यानं करू नका. आकडा ३० सेंमी पाण्याच्या आत अडकला तर व्हेंट सुटायला वेळ लागणार. ८० च्या वर सहज गेला तर श्वासाच्या स्नायूंची फार चिंता नाही.

खोकला मोजायला आणखी सोपं. ट्यूबच्या तोंडापासून एक-दोन सेंटिमीटरवर पांढरं कार्ड धरा आणि तीन-चार वेळा खोकायला सांगा. कार्ड ओलं झालं तर खोकल्यात दम आहे. व्हेंटवर पीक फ्लो दिसत असेल तर मिनिटाला ६० लिटरच्या खाली खोकला म्हणजे ट्यूब काढण्याआधी दहा वेळा विचार करा.

पायरी ७: पेशंट जागाच नसेल तर

मग नर्व्ह कंडक्शन (नसेतून विजेचा संदेश कसा जातो ती तपासणी) आणि सोनोग्राफी. पायाच्या पेरोनियल नसेची तपासणी नॉर्मल आली तर मोठा बिघाड बहुतेक नाही, म्हणून सुरुवातीला तेवढीच एक नस करून घेतली तरी चालते. सोनोग्राफीत मांडीवर खूण करून ठेवा, गुडघ्याच्या वाटीपासून किती सेंटिमीटर तेही लिहा, प्रोबनं दाबू नका, जेल भरपूर. हे ताकद नाही सांगत, आकार सांगतं, एवढं ध्यानात असू द्या. डायफ्रामही सोनोग्राफीवर बघता येतो पण तो हात बसायला वेळ लागतो, आधी कुणाबरोबर तरी शिका.

पायरी ८: ताकदीचं काम होतंय का

पेशंटला ४२ आणि ४६ मधला फरक कळत नाही, त्याला बाथरूमला जायचं असतं. म्हणून एफएसएस-आयसीयू ही रोजच्या कामांची पट्टी करा. कूस बदलणं, झोपलेलं उठून बसणं, बेडच्या कडेला बसून राहणं, बसलेलं उभं राहणं, चालणं, पाच कामं, प्रत्येकी ० ते ७, एकूण ३५. एवढा वेळ नसेल तर निदान आयसीयू मोबिलिटी स्केल, ० ते १०, एका मिनिटात होतं. इथे मावशी आणि मामांना बरोबर घ्या, उभं करताना खरा आधार त्यांचाच असतो, आणि पेशंट कालपेक्षा जड लागला का हलका हे त्यांच्या हातांना आपल्या आधी कळतं.

पायरी ९: लिहिणं आणि परत मोजणं

पेशंट जागा झाल्याच्या दिवशी पहिला आकडा, मग आठवड्यातून एकदा, आयसीयूतून बाहेर जाताना, आणि घरी जाताना. नोट अशी: 'सकाळी ११, रास ०, पाच सूचना ५/५, सेडेशन काल दुपारी ४ पासून बंद, एमआरसी ३९/६०, मांड्या २-२, ग्रिप उजवा ८ किलो, बेडचं डोकं ४५ अंश, दोन्ही पायांना सूज.' नुसती बेरीज लिहू नका, बाराही आकडे लिहा, कारण ३९ तसाच राहून उजवी बाजू वाढली आणि डावी पडली असं झालं तर ती कमजोरी नाही, ते डोक्याचं सीटी करायचं कारण आहे.

आणि डिस्चार्ज कार्डावर आकडा गेलाच पाहिजे. टोरांटोहून आलेल्या अभ्यासात एआरडीएसमधून (फुफ्फुसांच्या तीव्र बिघाडातून) वाचलेले, मुळात तरुण असलेले पेशंट पाच वर्षांनीही सहा मिनिटांत अपेक्षेच्या ७६ टक्केच चालत होते. ही माणसं आपल्याकडून घरी जातात, गावात सगळे म्हणतात आता बरा झालास की, आणि तो बिचारा संडासात बसला की उठता येत नाही हे कुणाला सांगत नाही. त्या शेतकरी काकांना आम्ही ४६ वर घरी सोडलं, कार्डावर सहाही हालचाली मराठीत लिहून, मांड्या ३ वर आहेत म्हणून कमोडची खुर्ची आणि उठायला आधाराची दांडी लावायला मुलाला सांगून. दीड महिन्यानं ओपीडीला आले तेव्हा त्याच डायनामोमीटरवर, त्याच उजव्या हातानं, त्याच खाचेत ग्रिप घेतली, १९ किलो.